काउंटर-स्ट्राइक, एज ऑफ एम्पायर्स, डोटा आणि सेकंदांचा हिशोब

गेल्या काही महिन्यांपासून मी तीन वेगळ्या जातीचे गेम आलटून पालटून खेळतेय. शूटरमध्ये काउंटर-स्ट्राइक २, स्ट्रॅटेजीत एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन आणि पाच विरुद्ध पाचच्या रिंगणात डोटा २. अधूनमधून हात मोकळे करायला क्वेक लाइव्ह हा वेगवान शूटर. एकाच गेमला चिकटून राहिलं तर रँक लवकर चढते हे खरंय, पण या गेममध्ये ये-जा करताना एक गोष्ट इतकी ठळक दिसायला लागली की माझा सगळा सराव आता तिच्याभोवतीच फिरतोय. ती म्हणजे हात दुसऱ्या कामात अडकलेले असताना डोक्यात सेकंद मोजत राहणं. निशाणा, बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं याचा क्रम), हिरोची निवड या सगळ्यावर भरपूर बोललं जातं. वेळेच्या हिशोबावर त्या मानाने फार कमी.

काउंटर-स्ट्राइकपासून सुरुवात करते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा गेम आधी सायबर कॅफेत पाहिला, तासाचे पैसे मोजून, १.६ च्या रूपात. १९९९ मध्ये हाफ-लाइफवर हौशी मंडळींनी बनवलेलं हे मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये केलेला फेरबदल, पुढे वाल्व्ह कंपनीने हातात घेतलं आणि २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक २ आला. पाच जण बॉम्ब लावणार, पाच जण अडवणार, हा गाभा अजून तसाच आहे. धूर मात्र खरोखर बदललाय. आता स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, टाकला की तो खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, दारातून पलीकडे झिरपतो, आणि त्यात एचई (स्फोटाचा) ग्रेनेड फोडला की क्षणभर भोक पडून आरपार दिसतं. मिराज या नकाशावर मधल्या भागाच्या (मिड) खिडकीला धूर लागलेला असताना आपल्याच टीममधल्या कुणी वेळेवर ग्रेनेड टाकला, तर त्या एका क्षणात समोरचा स्नायपर उघडा पडतो. नव्या आवृत्तीतला हा माझा सगळ्यात आवडता बदल आहे.

नेमबाजीचा सराव चालू आहे, पण तो मी आता मर्यादित ठेवलाय. रोज खेळायच्या आधी थोडा वेळ एम बॉट्झ हा नेमाच्या सरावाचा नकाशा, मग एक डेथमॅच (नुसती मारामारी, बॉम्ब नाही), बस. त्यात मुख्य भर उलट्या कळीवर. धावताना झाडलेली गोळी कुठेही जाते, म्हणून डावीकडे सरकत असाल तर उजवीकडची कळ क्षणभर दाबून स्वतःला जागेवर अडवायचं आणि त्याच क्षणी गोळी मारायची. ए, डी, क्लिक. बोटांत हा ठेका बसला की एके-४७ चं सोनं होतं, कारण ती हेल्मेटवाल्यालाही डोक्यात एकाच गोळीत झोपवते. अडवणाऱ्यांच्या एम४ रायफलीला तिथे दुसरी गोळी लागते. स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, करायचाच असेल तर ३० गोळ्यांपैकी पहिल्या सात-आठ वर चढतात आणि मग आडव्या पळायला लागतात. लांबच्या अंतरावर मी आता तीन-चार गोळ्यांच्या पुढे जातच नाही.

पण खेळ खऱ्या अर्थाने वर गेला तो बॉम्ब लागल्यानंतरच्या ४० सेकंदांवर लक्ष द्यायला लागल्यापासून.

गंमत अशी की बॉम्ब लागला की पडद्यावरचं घड्याळ गायब होतं आणि त्या जागी नुसतं बॉम्बचं चिन्ह येतं. उरलेला वेळ कुणी सांगत नाही. टिकटिक जवळजवळ येत जाते, पण त्यावरून 'फार वेळ नाही' एवढंच कळतं. आणि नेमका हिशोब हवा असतो, कारण नुसत्या हातांनी बॉम्ब निकामी करायला १० सेकंद लागतात आणि गेममधल्या पैशांतली ४०० डॉलरची किट असेल तर ५. म्हणजे उरलेला वेळ १० आणि ५ च्या मधे असेल, तर किटवाला खेळाडू जिवंत आहे की नाही यावर सगळा राउंड ठरतो. म्हणून मी बॉम्ब लागल्याचा आवाज आला की तोंडातल्या तोंडात उलटे आकडे मोजायला लागते. सुरुवातीला मोजणी आणि नेम एकत्र जमत नाही. सरावाने जमतं, इतकं नक्की सांगते.

परवाचाच इन्फर्नो या नकाशावरचा राउंड बघा. बी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीवर, बॉम्ब लागलेला. आमच्या बाजूने मी आणि माझा धाकटा भाऊ, समोर एकच जण उरलेला. मी साइटजवळच्या कन्स्ट्रक्शन नावाच्या कोपऱ्यात पोचले तेव्हा माझी मोजणी २२ वर होती. भाऊ सीटीच्या, म्हणजे अडवणाऱ्यांच्या तळाच्या, बाजूने आला. "ताई, किट आहे ना तुझ्याकडे?" आहे म्हटलं. त्याने बॉम्बवर स्मोक टाकला, मी त्या धुरात शिरले. मोजणी १५. बॉम्बला हात लावला, तो आवाज झाला, आणि लगेच हात काढला. समोरच्याला वाटावं की निकामी करायला सुरुवात झाली, एवढ्यासाठीच. तो तिथल्या शवपेट्यांच्या (कॉफिन्स) मागून डोकावला आणि भावाने त्याला टिपला. मोजणी ८. १० सेकंदवाल्याला हा बॉम्ब हाती लागला नसता. मला ५ पुरले.

यात नेमबाजी भावाची. माझ्या हातात होता तो फक्त आकडा, आणि त्या आकड्यामुळेच मला माहीत होतं की खोटा हात लावून सहा-सात सेकंद खर्च करणं परवडणारं आहे. हाच डाव ११ उरले असताना केला असता तर जुगार झाला असता.

याला जोडूनच पैशांचं बोलते. सामना ८०० डॉलरवर सुरू होतो, एके २७०० ची, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ४७५० ची. हरणाऱ्या टीमला मिळणारी रक्कम १४०० पासून ५००-५०० ने वाढत ३४०० पर्यंत जाते. हे सगळ्यांना पाठ असतं, पण बहुतेक जण ते फक्त स्वतःच्या खिशाला लावतात. समोरची टीम सलग किती हरली, शेवटच्या राउंडला त्यांचे किती जण बंदुकीसकट वाचले, हे लक्षात ठेवलं की पुढच्या राउंडला त्यांच्या हातात पिस्तुलं असणार की रायफली, हे बऱ्यापैकी आधी कळतं. आता १३ राउंड जिंकणारा सामना घेऊन जातो, एका बाजूने जेमतेम १२ राउंड मिळतात, त्यामुळे समोरच्यांचा एक इको (पैसे वाचवायचा, स्वस्त शस्त्रांचा राउंड) ओळखता आला तरी त्याची किंमत मोठी आहे. मी सध्या फक्त इतकंच करते की दर राउंडच्या सुरुवातीला समोरच्यांबद्दल माइकवर एक वाक्य बोलते. 'यांच्याकडे पैसे नाहीत, जवळून येतील.' टीम आपोआप लांबचे कोन धरते.

आता एज ऑफ एम्पायर्स. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सेकंदांचं शिक्षण मला सगळ्यात जास्त या गेमने दिलं.

एन्सेम्बल स्टुडिओजने हा गेम १९९९ मध्ये काढला, २००० मध्ये कॉन्करर्स हा विस्तार आला, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात डेफिनिटिव्ह एडिशन. इतक्या वर्षांनीही नवी मंडळी येतायत, २०२२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या किल्ल्यात स्पर्धा झाली, द वायपर आणि हेरासारख्या अव्वल खेळाडूंचे सामने लोक रात्र रात्र जागून बघतायत. याचं कारण माझ्या मते गेमच्या पायात आहे. तो पाया म्हणजे गावकरी. एक गावकरी ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो. बाकी सगळं यावरून निघतं.

हिशोब करून बघा. एक टाउन सेंटर (गावकरी काढणारी मुख्य इमारत) न थांबता चाललं तर पाच मिनिटांत १२ गावकरी. एका घरात पाच माणसं, म्हणजे एका टाउन सेंटरला साधारण दर १२५ सेकंदांनी एक नवं घर हवं. लूम हा गावकऱ्यांना चिवट करणारा शोध लावायलाही तिथेच २५ सेकंद लागतात, म्हणजे त्या जागी एक गावकरी कमी. फ्यूडल एजला, म्हणजे पुढच्या युगात, जायला ५०० अन्न आणि १३० सेकंद, तेवढा काळ टाउन सेंटर गावकरी काढत नाही, म्हणजे पाचेक गावकऱ्यांवर पाणी. त्यामुळे वर कधी जायचं हा प्रश्न 'मला किती गावकरी सोडायला परवडतात' असा विचारायला लागतो.

आणखी एक बारकावा. नॉर्मल वेगाला गेमचं घड्याळ १.७ पटीने पळतं. म्हणजे गेममधले २५ सेकंद आपल्या भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम १५. दर १५ सेकंदांनी टाउन सेंटरकडे बघायचं, तेही शिकार आणताना, शत्रूचा स्वार लाकूडतोड्यांना छळत असताना. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे रांगेत एकदम पाच गावकरी टाकून मोकळं होणं. पण तसं केलं की २५० अन्न आत्ताच अडकतं, आणि सुरुवातीला हातात असतंच २०० अन्न. रांगेत एक चालू आणि एक थांबलेला, यापुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मी एच ही कळ दाबून टाउन सेंटरवर जाण्याची सवय इतकी मुरवलीय की लढाई कितीही पेटलेली असो, डावा हात आपलं काम करतो.

ज्यांना ही सवय लावायची आहे त्यांनी गेममधल्याच आर्ट ऑफ वॉर या सरावाच्या मोहिमांपासून सुरुवात करावी. सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेची मोहीम सुवर्णपदक मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा खेळा. तिथे शत्रू नाही, दडपण नाही, नुसता तुमचा हिशोब तपासला जातो. रानडुक्कर आणण्याचाही सराव तिथेच होतो. डुकरात ३४० अन्न असतं, गावकऱ्याला मात्र फक्त २५ एचपी, म्हणजे जीव. बाण मारायचा, वळायचं, टाउन सेंटरकडे पळत सुटायचं, आणि बाकीच्यांनी मेंढी सोडून डुकरावर तुटून पडायचं. मेंढी संपत आली की डुक्कर दारात हजर पाहिजे. आधी आणलं तर मारलेलं मांस पडून सडतं, उशीर झाला तर गावकरी रिकामे उभे राहतात. पुन्हा घड्याळच.

२०२२ च्या एप्रिलमध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया हा विस्तार आला, तेव्हा जुन्या एकाच 'इंडियन्स'ची जागा हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविडियन आणि बेंगाली अशा चार संस्कृतींनी घेतली. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा आल्या. चारही खेळून झाल्यावर मी गुर्जरांवर स्थिरावले. त्यांच्याकडे नाइट (जड घोडेस्वार) नाहीत, त्याऐवजी श्रीवंश रायडर आहे, जो अंगावर येणारे बाण चुकवतो आणि ही ताकद थोड्या वेळाने पुन्हा भरून येते. तिरंदाजांच्या घोळक्यात त्याला घुसवून बाहेर काढणं, ताकद भरेपर्यंत लांब फिरवणं आणि पुन्हा घुसवणं, हे जमलं की काय समाधान मिळतं! पण गुर्जरांची खरी मजा मेंढ्यांत आहे. मेंढ्या मारून खाण्याऐवजी गिरणीत ठेवता येतात आणि त्या आत असेपर्यंत थोडं थोडं अन्न मिळत राहतं. आत्ता खाल्लं तर वेग येतो, ठेवलं तर पुढे बरकत.

कोल्हापूरचा माझा मामेभाऊ फ्रँक्स घेऊन खेळतो, म्हणजे नाइट्सचा लोंढा. आमचे सामने अरेबिया या मोकळ्या नकाशावर होतात. त्याला सुरुवातीलाच स्वार पाठवून माझ्या मेंढ्या पळवायची खोड. मी गुर्जर घेतल्यावर दोन मेंढ्या गिरणीत गेल्या आणि त्याचा स्वार रिकाम्या कुरणात घिरट्या घालत राहिला. "ताई, मेंढ्या कुठायत?" मी सांगितलं नाही. पुढे त्याचे नाइट आले तेव्हा माझे उंट तयार होते. ७५ सोन्याचा नाइट उंटासमोर टिकत नाही, आणि उंट नसतील तेव्हा ३५ अन्न, २५ लाकडातला भालेवालाही घोड्याला भारी पडतो. कुणाला काय तोडतं हा तक्ता पाठ असणं ठीक, पण तोडणारी फौज त्या मिनिटाला उभी असणं हे जास्त महत्त्वाचं. मला त्याच्या कॅसल एजची, म्हणजे नाइट मिळतात त्या तिसऱ्या युगाची, वेळ माहीत होती, कारण माझ्या स्काउटला (टेहळणीच्या स्वाराला) त्याचं तबेल्याचं बांधकाम दिसलं होतं आणि तिथून मी मोजत होते.

डोटात हेच घड्याळ पाचांच्या मधे वाटलेलं असतं. वॉरक्राफ्ट ३ च्या मॉडमधून आलेला हा गेम २०१३ मध्ये अधिकृतपणे बाहेर पडला, पण इंटरनॅशनल ही त्याची सगळ्यात मोठी स्पर्धा पहिल्यांदा त्याआधीच, २०११ मध्ये कोलोनला झाली. नातुस विन्सेरे या टीमने १० लाख डॉलर नेले. २०२१ ला बुखारेस्टमध्ये टीम स्पिरिट जिंकली तेव्हा बक्षिसांची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरवर गेली होती. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या डोममध्ये ईएसएल वन मुंबई ही डोटाची स्पर्धा झाली. मुंबईत एवढ्या मोठ्या पातळीचा डोटा बघायला मिळाला याचं मला अजून अप्रूप आहे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा टीमने कांस्यपदकही आणलं.

मी सपोर्ट (टीमला मदत करणारी भूमिका) खेळते, बहुधा क्रिस्टल मेडन ही हिरो घेऊन. सपोर्टचं काम म्हणजे वॉर्ड (नजर ठेवणाऱ्या खुणा) लावणं आणि मरणं, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सपोर्टकडे टीमचं घड्याळ असतं. जंगलातला तळ मिनिटाच्या ठोक्याला रिकामा असेल तर तिथे नवे प्राणी येतात. म्हणून साधारण ५३-५५ व्या सेकंदाला जुन्यांना एक फटका मारून बाहेर ओढायचं. ठोका पडतो, तळ रिकामा दिसतो, नवे येतात, जुनेही परततात, आणि एका तळावर दुप्पट सोनं उभं राहतं. आपल्या कॅरीला, म्हणजे पुढे सामना जिंकून देणाऱ्या खेळाडूला, ते आयतं मिळतं. लेनमध्ये, म्हणजे दोन बाजूंना जोडणाऱ्या वाटांवर, दर ३० सेकंदांनी क्रीप (आपोआप चालणारे शिपाई) येतात, म्हणजे या कामाला जाऊन यायला नेमकी फट असते. निम्म्याखाली रक्त आलेला आपलाच क्रीप मारून समोरच्याचा अनुभव तोडणं, ऑब्झर्व्हर वॉर्ड सहा मिनिटांनी विझतो म्हणून त्याची जागा आधीच बघून ठेवणं, हे सगळं याच वहीत लिहायचं.

रोशन हा नकाशावरचा सगळ्यात बलाढ्य राक्षस मात्र वेगळा. तो मेल्यावर ८ ते ११ मिनिटांत कधीही परत येतो. मी टीमला चॅटमध्ये तीन आकडे लिहून टाकते. २० व्या मिनिटाला मेला तर '२५, २८, ३१'. २५ ला एजिस (त्याला मारल्यावर मिळणारी, एकदा पुन्हा जिवंत करणारी वस्तू) संपतं, २८ पासून तो आत असू शकतो, ३१ ला असणारच. इथे घड्याळ नेमका क्षण देत नाही, खिडकी देतं, आणि २८ ते ३१ या तीन मिनिटांत नदीच्या आसपास नजर ठेवायला वॉर्ड हाताशी असला पाहिजे. अनोळखी चार जणांच्या टीममध्येही हे तीन आकडे लिहिल्यावर लोक आपोआप एकत्र यायला लागतात, हा माझा वारंवारचा अनुभव. भाषा, देश, काही आड येत नाही.

क्वेकबद्दल थोडक्यात. क्वेक लाइव्ह ज्यावर बेतलाय तो १९९९ चा क्वेक ३ अरीना हा शुद्ध रिंगणाचा खेळ, मी खेळते तो एकास एक. लाल चिलखत उचललं की ते २५ सेकंदांनी परत येतं, मेगा हेल्थ ३५ नी. ३:१७ ला चिलखत घेतलं तर ३:४२ ला तिथे उभं राहायचं, आणि मधल्या काळात रॉकेटने उडत, कोपरे कापत समोरच्याला दुसरीकडे गुंतवायचं. तिथले जाणकार निम्मा खेळ या दोन आकड्यांवरच जिंकतात. गावकऱ्याचेही २५, चिलखताचेही २५, म्हणून एज ऑफ एम्पायर्स खेळून आल्यावर लगेच क्वेक लावला की मला फार बरं जमतं. चिलखताचे २५ खरे, गावकऱ्याचे भिंतीवरच्या घड्याळात १५ एवढे, तरी 'आता वेळ झाली' ही आतली टोचणी तीच.

पुढचं ठरलंय ते असं. एज ऑफ एम्पायर्समध्ये अरेबिया थोडा बाजूला ठेवून अरीना नावाच्या नकाशावर जाणार. तिथे सुरुवातीपासून दगडी तट असतो, धाडी पडत नाहीत, त्यामुळे कॅसल एजनंतर तीन टाउन सेंटर एकदम चालवण्याचा सराव करता येईल. म्हणजे दर २५ सेकंदांना तीन गावकरी, दीडशे अन्न, आणि ४० सेकंदांच्या आसपास एक घर. शेतांना लाकूड पुरतं का ते बघायचंय. डोटात पोझिशन ४ (जास्त फिरता सपोर्ट) शिकायला घेतेय, टस्क या हिरोपासून. काउंटर-स्ट्राइकमध्ये मी आणि भाऊ इन्फर्नोचा बनाना (बी साइटकडे जाणारी वाकडी वाट) सोडून न्यूक या नकाशावर जातोय, कारण तिथे वरची साइट आणि खालची साइट एकमेकींच्या डोक्यावर आहेत आणि पावलांच्या आवाजावरून कोण कुठे हे ओळखायला नव्याने शिकावं लागतं. न्यूकवर बॉम्ब खाली लागला तर वरून उतरायचे कोणते रस्ते किती सेकंदांत पोचवतात, याचा तक्ता आम्ही रिकाम्या सर्व्हरवर धावून बनवतोय. व्हेंट आणि सीक्रेट या वाटांचे आकडे झालेत, रॅम्पचा राहिलाय. कुणी आधीच मोजला असेल तर जरूर सांगा, सुरी हातात धरून मोजला की रायफल हातात धरून तेही सांगा, कारण दोन्हींचा वेग वेगळा पडतो.